नावाला पैसे द्यायचे की विद्येला?

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यावस्त्यांतून आज इंजिनिअरिंगला शिकणारी मुले-मुली दिसतात. वडील भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या आयुध निर्माणीत, दीपनगरच्या वीज केंद्रात नाहीतर एमआयडीसीत. आई शेतात किंवा चटईच्या कारखान्यात. अशा घरातून पहिला इंजिनिअर तयार होतो, ही आनंदाचीच गोष्ट. पण शेवटच्या वर्षाच्या सुमारास घरात एक नवा खर्च उभा राहतो. मुलगा म्हणतो, "पप्पा, नोकरी पाहिजे तर सॉफ्टवेअरचा मोठा क्लास लावावा लागेल." मग कोणी पतपेढीतून कर्ज काढतो, कोणी सोने गहाण ठेवतो. म्हणून हा विषय आज घ्यावासा वाटला.

हे सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते आधी पाहू. एखादी वस्तू कारखान्यात बनवण्याआधी ती किती वाकेल, कुठे तुटेल, तिच्यातून पाणी कसे वाहील, हे संगणकावर तपासता येते. ह्याला सिम्युलेशन म्हणतात. संगणक त्या वस्तूचे हजारो बारीक तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याचे गणित करतो आणि शेवटी सगळ्यांचा मेळ घालतो. ठिबकच्या नळीपासून पुलाच्या गर्डरपर्यंत सगळीकडे हीच पद्धत.

अशी सॉफ्टवेअर दोन प्रकारची असतात. एक विकतची. १९७० साली अमेरिकेत सुरू झालेल्या कंपनीचे अ‍ॅन्सिस त्यातले नावाजलेले. ही वापरायला सोयीची असतात, अडले तर कंपनी मदत करते, आणि पुण्या-नाशिकच्या नोकरीच्या जाहिरातींत त्यांचीच नावे असतात. पण कारखान्याला त्यांचा परवाना लाखांच्या घरात पडतो. दुसरी मुक्त सॉफ्टवेअर. ती कोणीही वापरावी, आतून उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. त्याला पैसे पडत नाहीत.

फुकट म्हणजे हलके, असा आपला समज असतो. तो इथे लागू नाही. पाणी-हवेच्या प्रवाहाचे ओपनफोम लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जन्मले आणि २००४ मध्ये सर्वांना खुले झाले. फ्रान्सच्या वीज कंपनीने आपल्या वीज केंद्रांच्या कामासाठी केलेले कोड-अ‍ॅस्टर २००१ पासून मुक्त आहे. आपल्या मुंबईच्या आयआयटीत केंद्र सरकारच्या पैशातून 'फॉसी' हा प्रकल्प चालतो. पोलादी बांधकामासाठी भारतीय मानक आयएस ८०० प्रमाणे चालणारे 'ओसडॅग' तिथेच तयार झाले. केमिकलच्या मुलांसाठी डीडब्ल्यूसिम आहे, गणितासाठी सायलॅब आहे. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, आणि त्यातले अनेक मराठीतही ऐकता येतात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. ओपनफोममध्ये बटणे दाबून काम होत नाही, फायली लिहाव्या लागतात. लिनक्स शिकावे लागते. अडले तर हाताशी कोणी नसते. पहिला महिना मूल रडकुंडीला येते. पण त्या महिन्यात ते जे शिकते, ते कोणत्याही सॉफ्टवेअरवर कामाला येते.

कारण खरी गोष्ट वेगळीच आहे. एक मीटर लांब, पन्नास मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी एका टोकाला भिंतीत घट्ट बसवा. दुसऱ्या टोकाला दहा किलो वजन टांगा. पट्टीचे स्वतःचे वजन सोडले, तर ते टोक सुमारे ३९ मिलिमीटर खाली येते. पुस्तकातल्या सूत्राने कागदावर हेच उत्तर येते, विकतचे सॉफ्टवेअर हेच सांगते, मुक्त सॉफ्टवेअरही हेच सांगते. आता मुलाने चुकून दहा किलोच्या जागी दहा न्यूटन भरले, तर दोन्ही सॉफ्टवेअर मुकाट्याने ४ मिलिमीटर सांगतील आणि रंगीत चित्रही काढून देतील. लाखाचा परवाना ती चूक पकडत नाही. ज्याला गणित कळते तोच पकडतो. आणि तीस वर्षे फिटर असलेला बापही "इतकीशी कशी वाकेल रे?" म्हणून पकडतो.

तेव्हा निवड कशी करावी? पहिली दोन वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर हात बसवावा. फ्रीकॅडमध्ये भाग काढून कॅल्क्युलिक्सने तपासणे साध्या लॅपटॉपवर होते. प्रत्येक उत्तर एकदा तरी कागदावर पडताळावे. नंतर जाहिरातीत ज्याचे नाव आहे ते सॉफ्टवेअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकावे. ते तिथे असेल तर त्यासाठी फी भरलेलीच आहे, सरांना हक्काने विचारावे. शिवाय अ‍ॅन्सिसची विद्यार्थ्यांसाठीची प्रत कंपनीच मोफत देते. तिच्यात मोठे काम होत नाही आणि पैसे घेऊन कोणाचे काम करता येत नाही, पण शिकायला ती पुरते.

चोरीची प्रत मात्र घरात येऊ देऊ नये. जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुढे मुलाने स्वतःचे छोटे वर्कशॉप काढले आणि तिथे अशी प्रत सापडली, तर उभे राहिलेले काम बसेल. त्याला परवाना परवडत नसेल, तर मुक्त सॉफ्टवेअरवर तो पहिल्या दिवसापासून उजळ माथ्याने धंदा करू शकतो.

क्लासला पैसे भरण्याआधी आई-वडिलांनी तिथे तीनच प्रश्न विचारावेत. इथल्या सॉफ्टवेअरचा परवाना दाखवता का? मुलाला उत्तर कागदावर पडताळायला शिकवता का? शेवटी त्याच्या हातात नुसते सर्टिफिकेट राहील, की त्याने स्वतः केलेले दोन-तीन प्रकल्प? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर पैसे खिशातच ठेवावेत.

वस्तीत अशी चार मुले असतील तर त्यांनी विहारात किंवा अभ्यासिकेत एक संगणक ठेवून रविवारी एकत्र बसावे. एकाला अडले ते दुसऱ्याला येते. मुक्त सॉफ्टवेअर दुसऱ्याला देणे हा गुन्हा नाही, ते त्यासाठीच आहे. मुलींनाही ह्यात मागे ठेवू नये. हे काम खुर्चीवर बसून डोक्याने करायचे आहे.

मुलाखतीत जाहिरातीतले नाव विचारतात, हे खरे. पण नुसत्या नावावर निभत नाही. "हे उत्तर बरोबर कशावरून?" असा प्रश्न आला की नुसत्या सर्टिफिकेटवाला गप्प होतो. आपल्या मुलाला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे, आणि त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.