शिंगरू कोणाच्या हाती द्यायचं?

दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या अकलूजच्या घोडेबाजारातून होटगीच्या बाजूला एखादं शिंगरू येतं आणि ते शिकवायला कोणाकडे द्यायचं, याची चौकशी सुरू होते. बहुतेक जण विचारतात, घोडा किती दिवसांत नाचायला लागेल? मला हा प्रश्नच घातक वाटतो. आधी त्या माणसाच्या तबेल्यात जा, त्याने शिकवलेले जुने घोडे पाहा. तो जवळ येताच घोडा कान मागे पाडतो, की मान सैल सोडून ओठ चघळत उभा राहतो? जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यांत जखमा आहेत का? काटेरी लगामाला प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५च्या नियमांनी बंदी आहे. तो खुंटीला टांगलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. अमेरिकेत टॉम डोरन्स आणि रे हंट यांनी घोडे शिकवण्याची जी पद्धत रुजवली तिचा गाभा असा, की घोड्याने योग्य दिशेने जरा जरी हालचाल केली की दाब लगेच सोडायचा. ती नेमकी वेळ साधणं कुठल्या प्रमाणपत्राने येत नाही, म्हणून कागद नंतर पाहा. आणि शिकवताना मालकाला समोर उभं राहू देत नाही, अशा माणसाकडे शिंगरू एक रात्रसुद्धा ठेवू नका.