आग सोमेश्वरीं, बंब रामेश्वरीं

आपल्या करवीर नगरींत शाहू छत्रपतींनीं इ. स. १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. त्या काळीं राजाची आज्ञा हाच कायदा होता. राजा प्रजाहितदक्ष, म्हणून आज्ञा लोककल्याणाची निघाली. परंतु ती निघावी कीं न निघावी, हें ठरविणें प्रजेच्या हातीं नव्हतें. १९४९ च्या मार्चमध्यें कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व पुढील वर्षीं राज्यघटना अमलांत आली. अधिकार प्रजेकडे आला खरा. पण तो अनेक सभांत वांटलेला आहे. ही वांटणी न जाणतां केलेली तक्रार म्हणजे आग एकीकडे आणि बंब दुसरीकडे, असें आम्हांस वाटतें.

दिल्लीस संसद आहे. तिचीं सभागृहें लोकसभा व राज्यसभा. आपल्या राज्याचें विधिमंडळ आहे. त्याचीं सभागृहें विधानसभा व विधानपरिषद. संरक्षण, रेल्वे, टपाल, चलन हे विषय संसदेचे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती हे राज्याचे. तिसरी यादी सामाईक विषयांची. तींत दोन कायद्यांचा विरोध आल्यास सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. शिक्षण पूर्वीं राज्याकडे होतें. १९७६ च्या घटनादुरुस्तीनें तें सामाईक यादींत गेलें. म्हणूनच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा संसदेनें केला आणि त्याची अंमलबजावणी मुख्यत्वें राज्याकडे आली.

कोणी म्हणेल, ही किचकट वांटणी विद्यार्थ्यांस कशाला? त्यांनीं आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहावा. चंदगड तालुका पूर्वीं बेळगांव जिल्ह्यांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यानें तो मुंबई राज्यांत राहून कोल्हापुरास जोडला गेला. बेळगांव शहर मात्र म्हैसूर राज्यांत गेलें. ही रेघ संसदेनें ओढली. घटनेच्या तिसऱ्या कलमान्वयें अशा विधेयकावर संबंधित विधिमंडळाचें मत मागविलें जातें. पण तें संसदेवर बंधनकारक नसतें. डिसेंबर २०२२ मध्यें कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही विधिमंडळांनीं सीमाप्रश्नावर परस्परविरोधी ठराव एकमतानें संमत केले. सीमा तसूभरही हालली नाहीं. ठरावानें लोकभावना प्रकट होते, सीमा बदलत नाहीं. महाराष्ट्रानें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दावा दाखल केला तो याच प्रश्नासाठीं.

मग राज्याचा आवाज दुबळाच नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. महाराष्ट्राचे मतदार लोकसभेंत ४८ सभासद धाडतात आणि त्यांनीं निवडलेले आमदार राज्यसभेंत १९ सभासद निवडून देतात. आवाज दिल्लींत पोंचतो. मात्र तेथें काय बोलावें, हें मतदारानें सांगितलें पाहिजे. प्रत्यक्षांत लोकसभेच्या उमेदवारास आपण गटारांविषयीं विचारतों. तें काम महानगरपालिकेचें. सीमेविषयीं, शिक्षणाच्या कायद्याविषयीं त्याला विचारणारा विरळा. प्रश्न चुकला म्हणजे उत्तरदायित्व टाळण्यास प्रत्येकास सोयीची वाट मिळते.

म्हणून पालकांस आमची विनंति कीं, मत मागावयास कोणी दारीं आला असतां तो कोणत्या सभेसाठीं उभा आहे हें आधीं मुलांस सांगावें आणि मग त्या सभेचाच प्रश्न त्याला विचारावा. विद्यार्थ्यांनो, नागरिकशास्त्राचें पुस्तक परीक्षेनंतर अडगळींत टाकूं नका. अठराव्या वर्षीं तुमच्या हातीं मत येईल. तें कोठें वापरावयाचें हें तेव्हां शिकूं म्हणाल, तर उशीर झालेला असेल.