कृष्णविवरे, हिंगोली आणि विलंबाची किंमत

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन ‘लायगो’ वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच प्रत्यक्ष टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याने ती उठली होती. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजांत तिने घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. गोंगाटातून इतका क्षीण संकेत निवडून काढण्याच्या गणिती पद्धतीचा पाया ज्यांनी घातला, त्यांत पुण्याच्या ‘आयुका’चे प्रा. संजीव धुरंधर हे एक होत. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह केलेले त्यांचे हे संशोधन १९९१ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

तशीच वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची आहे. तिच्यासाठी केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. “सर, कृष्णविवरांनी मराठवाड्याची तहान भागणार का?” असे बिबवेवाडीतील आमच्या शेजारच्या एका कारकून गृहस्थांनी परवा विचारले. प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेता कामा नये.

ही रक्कम दरडोई वीस रुपयांहूनही कमी, आणि तीही अनेक वर्षांत खर्च व्हावयाची. ती वाचविल्याने सिंचनाचा अनुशेष भरून निघेल, असे नाही. उलट ज्ञान ही वापराने न झिजणारी सार्वजनिक वस्तू आहे. बाजारपेठ ती पुरेशी पुरवीत नाही. म्हणून शासनाला पुरवावी लागते. शिवाय पृथ्वीच्या या भागात वेधशाळा असल्यास लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे अधिक अचूक सांगता येईल.

आक्षेप घ्यावयाचा तर तो विलंबावर. तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मधील. खर्चाची मंजुरी एप्रिल २०२३ मधील. ही सात वर्षे कोणत्याही अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाहीत. परंतु २०१६ साली बारावीत असलेला विद्यार्थी तेवढ्या काळात पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडला. त्याला येथे काम नव्हते. त्याने परदेशाची किंवा दुसऱ्या व्यवसायाची वाट धरली असल्यास दोष त्याचा नाही.

झाले ते झाले. पुढची चूक मात्र टाळता येईल. हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांत विज्ञानाच्या रिक्त जागा भरल्या पाहिजेत. लेसर, निर्वात-तंत्र व संगणन शिकविणाऱ्या प्रयोगशाळा आजच उभारल्या पाहिजेत. नाहीतर वेधशाळेच्या भुजा मराठवाड्यात असतील, आणि तेथे राबणारे शिक्षित हात मात्र बाहेरचे असतील.