सोहोळचे काळवीट व उनकेश्वरचे कुंड

गेल्या माघात आमच्या कुटुंबाने दोन दिवसांचा मोटारप्रवास केला. त्याचे कारण बाहेर सांगावयाचे नाही असे घरी ठरले होते, परंतु पुतणीच म्हणाली, "काका, लिहायचे तर खरे लिहा." तिच्या हातांवर तीन वर्षांपासून कोडाचे डाग आहेत, आणि स्थळ सांगून आले आहे. धाकट्या भावजयीचे म्हणणे, उनकेश्वरी स्नाने घडवावी व वरपक्षास तूर्त काही कळवू नये.

मुलांचाही प्रवास व्हावा म्हणून पहिल्या दिवशी वाशिमहून कारंज्याकडे गेलो. तेथील कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली काळविटांसाठी राखले गेले. ते सुमारे १८ चौरस किलोमीटरांचे आहे. घनदाट अरण्याच्या आशेने जाणाऱ्याची येथे निराशा व्हावयाची. पण काळविटास मोकळे माळरानच प्रिय. शत्रू दुरून दिसावा आणि धावावयास जागा असावी, एवढेच त्यास हवे असते. उन्हे चढण्यापूर्वी कळप दिसला. माद्या व पाडसे बदामी रंगाची. नर तेवढा वयाबरोबर काळा होत जातो, पोट मात्र पांढरेच राहते. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत ज्याचा पाठलाग करितो तो हाच कृष्णसार, आणि तो जेथे स्वभावतः संचार करितो ती भूमी यज्ञास योग्य असे मनुस्मृतीत सांगितले आहे, वगैरे आम्ही मुलांस सांगत होतो. (जुनी खोड!) तोच पुतणी म्हणाली, "काका, याचेही अंग दोन रंगांचे. याला कोणी कुंडावर नेत नाही." आम्हांस उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी पुसद-माहूरमार्गे किनवट तालुक्यातील उनकेश्वरास पोहोचलो. शरभंग ऋषींच्या त्वचारोगासाठी श्रीरामांनी बाण मारून येथे उष्णोदक काढिले, अशी स्थानकथा आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शरभंग रामदर्शनानंतर अग्निप्रवेश करितात. झऱ्याचा उल्लेख तेथे नाही. खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून भेगांवाटे वर येते, हे त्याचे भौतिक कारण. स्नानाने शीण जातो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कोड जाते, असे सांगवत नाही. कोडात शरीराची संरक्षक शक्तीच त्वचेतील रंग करणाऱ्या पेशींवर उलटते. तो महारोग नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. डॉक्टरांचे मलम व प्रकाशोपचार चालू आहेत, आणि त्वचा घासू नये, घासल्याने नवे डाग उठू शकतात, अशी त्यांची ताकीद आहे.

ती ताकीद भावजयीस ठाऊक होती. तरी कुंडाच्या काठी मुलीचा हात पाण्यात धरून ती चोळू लागली, अधिकाधिक जोराने. "आई, पुरे. दुखतंय," पुतणी हळूच म्हणाली. हात लाल झाला होता. भावजयीने तो सोडिला, पदराने टिपला, आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिली.

परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी फारसे बोलले नाही. पुसद मागे पडल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, त्या मंडळींना पत्र तुम्हीच लिहा. सगळे लिहा. मला ते शब्द सुचायचे नाहीत."

पत्र आम्ही लिहिले, पुतणीस वाचून दाखविले; तिने एक शब्द बदलावयास लाविला. 'किंचित डाग' यातील 'किंचित' काढविला. पत्र टपालात पडून आज नऊ दिवस झाले. उत्तर अद्याप आलेले नाही.