लक्ष कुठे आहे?



हा दिवाळी अंक छपाईला जाण्याच्या आदल्या रात्री सीबीडी बेलापूरच्या आमच्या कचेरीत चौघेजण शेवटची मुद्रितं तपासत बसलो होतो. प्रत्येकाने प्रत्येक पान वाचून खाली सही केली होती. मग आमच्या एका सहकारी ताईंनी, जुन्या सवयीने, अक्षराखाली पेन्सिल धरून पानं मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर त्या थांबल्या. वर बोटभर उंचीच्या ठळक अक्षरांत होतं : 'अनुक्रणिका'. 'म' गळाला होता. बारीक टायपातले ऱ्हस्व-दीर्घ आम्ही वेचून काढले होते आणि एवढं मोठं अक्षर चौघांच्याही नजरेतून सुटलं होतं.

'लक्ष कुठे होतं?' हा प्रश्न मनात आलाच. शाळेत, दूध उतू गेल्यावर, रस्ता ओलांडताना तो ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यात नेहमी एक आरोप असतो. पण त्या रात्री आमचं लक्ष त्या पानावरच होतं. शब्द ओळखीचा, म्हणून गळलेला 'म' मनाने परस्पर भरून घेतला. यंदाच्या अंकासाठी 'अवधान' हे सूत्र आम्ही वर्षारंभीच ठरवलं होतं. त्याचा अर्थ मला त्या रात्री उमगला.

डोळे उघडे असले की समोरचं सगळं दिसतं, असं आपण धरून चालतो. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. एका वेळी जेमतेम तेवढाच तुकडा डोळ्याला नीट स्पष्ट दिसतो. बाकीचं चित्र मन जुळवतं, थोडं नजर फिरवून, थोडं आठवणीने, थोडं अंदाजाने. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, म्हणून तर आपण भर गर्दीतून धक्का न लागता वाट काढतो. तो चुकतो तेव्हा मात्र चुकल्याचं कळतही नाही.

मुद्रितातल्या चुकीने कुणाचा जीव जात नाही. रुळांवर जातो. रूळ ओलांडणाऱ्याला लोकल दिसत असते, तरी 'तेवढ्यात जाईन पलीकडे' असं वाटतं. हर्शेल लिबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1985 साली याचं एक कारण मांडलं : मोठी वस्तू प्रत्यक्षाहून हळू येत असल्याचा भास डोळ्याला होतो. लोकलच्या आमच्याच हार्बर मार्गावर, वडाळ्याला, 2009-10च्या सुमारास मुंबईच्या 'फायनल माइल' या संस्थेने रेल्वेच्या साथीने तीन साधे उपाय करून पाहिले. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते गाडीखाली किती भराभर दिसेनासे होतात त्यावरून वेग उमजावा. एका लांबलचक शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या दिल्या, कारण मधल्या शांततेने कान जागा होतो. आणि नेहमीच्या सूचनाफलकाऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा छायाचित्रांतून समोर ठेवला. पुढच्या काही महिन्यांत तिथले मृत्यू लक्षणीय घटले.

रूळ ओलांडू नयेत, हे खरंच. पण मरणाऱ्याला बेफिकीर ठरवून या मंडळींनी हात झटकले नाहीत. त्याची नजर नेमकी कुठे फसते ते शोधलं आणि तिथे रंग लावला. यालाच मी माणुसकी म्हणतो.

नजर फसते, तशी ती थकतेही. कोकण रेल्वेचं मुख्यालय आमच्या बेलापुरातच आहे. पावसाळ्यात त्या मार्गावर दरडी कोसळण्याच्या जागी ट्रॅकमन दिवसरात्र गस्त घालतात, गाड्या बेताच्या वेगाने धावतात. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की हात करून तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो समोर दिसतच असतो, मग सांगायचं कशाला? याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्या 1948च्या अभ्यासात आहे. रडारवर डोळे लावून बसणाऱ्यांची कामगिरी कशी टिकते, हे तपासताना त्यांना आढळलं की एकसुरी पहाऱ्यात नजर अर्ध्या तासातच मंदावू लागते. माणूस कितीही प्रामाणिक असो, मेंदूची घडणच तशी. म्हणून नजरेच्या मदतीला हात येतो, आवाज येतो, शेजारचा माणूस येतो. ताईंची पेन्सिल आणि सहायकाचा तो हात ही एकाच जातीची साधनं आहेत.

लक्ष एकट्याच्या निर्धारावर टिकत नाही, ते सोबतीने टिकतं, असं मला मनापासून वाटतं. अभ्यासाला बसलेल्या मुलाला 'लक्ष कुठे आहे?' असं विचारण्याआधी त्याच्याजवळचा मोबाइल उचलून ठेवू या, आपलाही ठेवू या आणि थोडा वेळ त्याच्याशेजारी बसू या. घरातलं म्हातारं माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगत असेल, तर या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत ऐकू या. ओळखीचं झालेलं माणूसही ओळखीच्या शब्दासारखंच न पाहता वाचलं जातं.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. एवढ्या थोर वक्त्यानेही ते गृहीत धरलं नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादक दर दिवाळीला वाचकांकडे हेच मागत आले आहेत. आम्हीही मागतो.

एक विनंती आहे. फराळ आटोपला, पणत्या लागल्या की या अंकातलं आवडेल ते एक पान घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या नजरेतून सुटलेलं काही तुम्हाला त्यात सापडेल. तेही जरूर कळवा.

शुभ दीपावली!

— संपादक