पायथन आधीं कोठें पाहते?

गीडो व्हान रोसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेली पायथन ही संगणकभाषा आज अनेक शाळांतून शिकविली जाते. तिच्यासोबत ‘टर्टल’ नांवाचें एक मोड्यूल येतें. त्याच्या साहाय्यानें मुलें पडद्यावर चौकोन, तारे, वेलबुट्टी काढतात. पुष्कळ विद्यार्थी आपला पहिला प्रोग्रॅम साहजिकच ‘टर्टल.पाय’ या नांवानें जतन करितात, आणि चालवूं जातात तों यंत्र सांगतें, टर्टलमध्यें असें कांहीं नाहींच! मूल खट्टू होतें, घरचीं माणसें संगणकास दोष देतात, आणि ‘नांव बदल’ एवढेंच सांगून कित्येक शिक्षक पुढें जातात. एवढ्यावर भागविणें आम्हांस मान्य नाहीं.

यंत्र येथें बिघडलेलें नसतें; तें आपला नेम अक्षरशः पाळीत असतें. मोड्यूल मागवितांच पायथन प्रथम पाहते, तें याच खेपेस आधीं आणलेलें आहे काय. नसल्यास भाषेच्या गाभ्यांतच असलेलीं मोड्यूलें पाहते. तेथेंही न सांपडल्यास ‘सिस.पाथ’ या यादींतले फोल्डर ओळीनें धुंडाळते: सामान्यतः आधीं चालविलेल्या फाइलचा फोल्डर, मग भाषेबरोबर आलेला संग्रह, आणि त्यानंतर बाहेरून आणून बसविलेलीं मोड्यूलें. पहिलें नांव जुळलें कीं शोध संपला. खरें टर्टल दाराबाहेरच राहतें, आणि मुलाची फाइल स्वतःसच बोलावून आणते! उलट ‘टाइम.पाय’ नांवानें असें कांहीं बिघडत नाहीं, कारण ‘टाइम’ गाभ्यांतलें. क्रम ठाऊक नसलेल्यास ही विसंगति जादूच वाटावयाची.

आपल्या फोल्डरास पहिला मान देणें चूक, असें म्हणणारे जाणते लोक आहेत. २०२२ सालच्या ३.११ आवृत्तींत तो मान काढून घेण्याची सोयही झाली. तथापि मुलानें लिहिलेल्या दोन फाइली एकमेकींस सहज सांपडाव्या, यासाठीं हा मान हवाच, असें आमचें मत आहे. २०२४ सालच्या ३.१३ आवृत्तीपासून अशा प्रसंगीं नांव बदलण्याची सूचना पायथन आपण होऊन देते. पण सूचना मिळते म्हणून क्रम शिकवावयाचाच नाहीं, हें गैर होय.

‘सिस.पाथ’ छापावयास दोन ओळी पुरतात. पहिल्याच आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्यानें ती यादी छापून वाचावी. पालकांनींही शेजारीं बसून विचारावें, ‘‘हें टर्टल यानें आणलें तरी कोठून?’’ त्या मोड्यूलची फाइल कोणती, हें छापून पाहिलें कीं उत्तर पूर्ण पत्त्यासह समोर येतें.