संकटकाळात संशोधन ही चैन नव्हे




निर्वासितांच्या छावण्यांत संशोधनावर खर्च करण्याऐवजी तो पैसा थेट औषधांना द्यावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटत नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये बनगावच्या छावण्यांत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. या द्रावणावर आधी संशोधन झाले होते, म्हणून हे धाडस शक्य झाले. नोंदी ठेवल्या, म्हणून जगाला पटले.

असहाय माणसांवर प्रयोग होतील, ही पत्रलेखकांची भीती मात्र रास्त आहे. संकटकाळातील आरोग्य-संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘एल्रा’ या संस्थेच्या निधीसाठी संशोधन संस्थेला प्रत्यक्ष मदतकार्य करणाऱ्या संस्थेशी भागीदारी करावी लागते, ती अट म्हणूनच मोलाची. अशा निधीच्या अर्जदारांनी स्थानिक भाषेतले संमतीपत्र, नीतिसमितीची मान्यता आणि कामाचा आराखडा आपत्तीपूर्वीच तयार ठेवावा. साथ आल्यावर अर्ज लिहायला बसले, तर निधी मंजूर होईपर्यंत माणसे दगावलेली असतात.

– एक वाचक, नाशिक